बाईंचा शुक्रवार

दिवाळीचे कंदील उतरले आणि शेतात भात पिवळं पडलं की माझं डोकं तापायला लागतं. दरवर्षीचंच आहे हे. इतरांना या दिवसांत गुलाबी थंडी वगैरे वाटते, मला भांडावंसं वाटतं. कोणाशी, ते नक्की नसतं. यंदा मात्र ते माणूस आपणहून माझ्या गाडीत येऊन बसलं. माझी भाची. आम्ही वाड्याच्या रस्त्याने अंबाडीला एका लग्नाला निघालो होतो आणि ती मागच्या सीटवर मोबाइलवर किकबॉक्सिंगच्या मॅचेस बघत होती. धूर, रंगीत दिवे, कोणीतरी इंग्रजीत बोंबलतंय. म्हणाली, "मावशी, बघ ना. असली प्रोफेशनल लीग आपल्याकडे पहिल्यांदाच होतेय."

पहिल्यांदाच!

मी ड्रायव्हरला शेलारजवळ गाडी बाजूला घ्यायला सांगितली. दोन गोदामांच्या मध्ये एक शेत कसंबसं तग धरून होतं. चार बायका वाकून भात कापत होत्या. मी काच खाली केली. कापलेल्या भाताचा वास एकदम आत आला. ओलसर, गोडसर, घशात किंचित खाजणारा. "इथे," मी भाचीला म्हटलं, "त्या निळ्या पत्र्याच्या गोदामाच्या जागी. तू जन्मायच्या आधी. रीतसर तिकीट लावून. आणि टीव्हीवर." ती हसली. मावशीचं वय झालं असं तिला वाटलं असावं. म्हणून हे लिहायला बसले आहे. वय झालं आहेच, पण स्मरणशक्ती ठणठणीत आहे.

माझी आई भिवंडीतल्या एका मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची. गावातल्या अर्ध्या बायका कधी ना कधी तिच्या शिट्टीवर पळाल्या आहेत. सगळा गाव तिला बाई म्हणायचा. बाबासुद्धा चिडले की विचारायचे, "बाई, आज स्वयंपाक आहे की लेझीम?" आमचं घराणं कारकुनांचं. आजोबा मामलेदार कचेरीत, बाबा कोर्टात. पिढ्यान् पिढ्या आम्ही लोकांची भांडणं फायलीत बांधून कपाटात ठेवली. आईने ती उघड्यावर आणली.

ऐंशीच्या दशकात भिवंडीत व्हिडिओ पार्लरांचं पीक आलं होतं. हाणामारीचे परदेशी सिनेमे लागायचे आणि बाहेर पडणारा प्रत्येक पोरगा विजेच्या खांबाला लाथ घालत घरी जायचा. त्या लाटेवर कुठून तरी एक मास्तर आले. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये त्यांनी किकबॉक्सिंगचा क्लास काढला, वर्षाची फी आगाऊ घेतली आणि उन्हाळ्यात पसार झाले. मागे राहिल्या मेरठहून आलेल्या ग्लोव्ह्जच्या पेट्या आणि शेडबाहेर तोंड पाडून उभे असलेले पोरगे. त्यांच्या बहिणी आईच्या शाळेत. बहिणींनी आईला गाठलं. आईने शेडचं दार उघडायला लावलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी सहाला. उशिरा येणाऱ्याने आधी मैदानाला फेऱ्या मारायच्या." किकबॉक्सिंगमधलं तिला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. पण कंबर कुठून वळते आणि दम कुठे संपतो हे ती चांगलं ओळखायची. उरलेलं ती शिबिरं करून शिकली, आणि शिकली ते पोरांच्या आधी शिकली.

पहिल्या लढती गणपतीत झाल्या, फुकट. माणसं इतकी लोटली की मंडपाचा एक खांब निखळला. आई म्हणाली, फुकटात मंडप पाडतात, तिकीट लावलं तर निदान नीट बसतील. बाबा म्हणाले, "आपल्या घराण्यात आजवर लाथ मारून कोणी पैसे मिळवले नव्हते." आई म्हणाली, "मिळवले असते तर घराला रंग तरी लागला असता."

भिवंडीचा रविवार शुक्रवारी असतो. लूम, म्हणजे यंत्रमाग, शुक्रवारी बंद. एरवी रात्रंदिवस खटखट करणारा गाव त्या दिवशी एकदम गप्प व्हायचा, इतका की नव्या माणसाला कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. जुम्याची नमाज व्हायची, जेवणं व्हायची, आणि मग हातात काही काम नसलेले हजारो कारागीर रस्त्यावर यायचे. आईने हा दिवस पकडला. उन्हं कलली की लढती सुरू. संस्थेला आम्ही भारदस्त नाव दिलं होतं, पत्रकावर ते छापतही असू, पण कोणी ते उच्चारलं नाही. लोक म्हणायचे, बाईंचा शुक्रवार. "या जुम्याला बाईंच्या शुक्रवारी कोण आहे?" असं वाक्य फक्त भिवंडीतच ऐकायला मिळेल.

भातकापणीपासून होळीपर्यंत आमचा मोसम. शेड लहान पडायला लागली तेव्हा बाळारामने त्याचं शेत देऊ केलं. बाळाराम शेलारचा. काळासावळा, लांब पायांचा, बोलायला लाजरा. दिवसा शेती, नाहीतर सायझिंगमध्ये मजुरी. तिथे सुताला कांजी चढवायची, त्यामुळे तो आला की शिळ्या पेजेचा वास यायचा. रिंगमध्ये मात्र त्याची लाज कुठे जायची कोण जाणे. त्याच्या भात कापलेल्या शेतात आम्ही खाली पेंढा अंथरायचो, त्यावर फळ्या, फळ्यांवर ताडपत्री आणि वरून आमच्याच गावच्या मागावरचं जाड कोरं कापड ताणून बसवायचो. कोणी आपटला की खालचा पेंढा करकरायचा. पुण्यामुंबईच्या मॅटवरून आलेले खेळाडू आधी नाकं मुरडायचे आणि मग मुकाट्याने विचारायचे, हे असं बसवायचं कसं.

पैशांची गंमत तर विचारूच नका. कारखानदार शेठ जाहिरातीचा बोर्ड रिंगच्या कोपऱ्यात लावायला एका पायावर तयार, पण रोख म्हटलं की घसा खाकरायचे. ते कापड द्यायचे. मग बक्षीसही कापडाचंच. जिंकणाऱ्याला कापडाचा अख्खा ताका, हरणाऱ्याला अर्धा. एका मोसमात शेलारच्या अर्ध्या गावाने एकाच कापडाचे सदरे शिवले होते. बाहेरून आलेल्या माणसाला वाटायचं, इथे कुठलीशी मोठी शाळा आहे.

आणि एक रीत होती, आईने घातलेली. लढतीआधी ग्लोव्ह्जच्या दोऱ्या प्रतिस्पर्ध्याने बांधायच्या. तू माझ्या, मी तुझ्या. आत काही लपवलेलं नाही हे दोघांनी आपल्या हाताने बघायचं आणि ज्याला मारायचं त्याचे हात आधी मांडीवर घेऊन बसायचं. लाथ खाण्याआधीची ती शांत मिनिटं मला लढतीहून जास्त आवडायची. एकदा परवानगीसाठी गेलो तेव्हा पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी कपाळाला हात लावला. दंगलीच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. "बाई, हिंदू-मुसलमान पोरं एकमेकांना तुडवणार आणि तुम्ही तिकीट लावणार? भिवंडीत?" आई म्हणाली, "साहेब, रस्त्यावर पंच नसतो. माझ्याकडे असतो." मग तिने त्यांना दोऱ्यांची रीत सांगितली. साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. सही केली, पण स्वतः पहिल्या रांगेत बसायला आले. पुढे त्यांना चटकच लागली.

आता टीव्हीचं. नव्वदीच्या सुरुवातीला घराघरांवरून केबलच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या. आमच्या भागातला केबलवाला इक्बालभाई. गोरा, ठेंगणा, कायम घाईत, आणि कमरेला पक्कड लटकवलेला. परदेशी चॅनल दाखवून उरलेल्या वेळात काय दाखवायचं हा त्याचा प्रश्न होता आणि लढती जास्त लोकांपर्यंत न्यायच्या हा आईचा. दोघांचं जमलं. ज्या कॅमेऱ्याने लग्नाचं शूटिंग करायचा तोच घेऊन इक्बालभाई शुक्रवारी शेलारला यायचा आणि सोमवारी संध्याकाळी ती कॅसेट केबलवर लागायची. समालोचन करायला मी. तेव्हा मी कॉलेजात होते, वक्तृत्वाच्या ढाली जिंकत होते, त्यामुळे ते आपल्याच नशिबात लिहिलेलं आहे याबद्दल मला शंका नव्हती. कॅमेऱ्याला वायरीने जोडलेला माइक हातात धरून, मधूनमधून कॅमेऱ्यासमोर येत, मी दोन मोसम घसा फोडला. मराठीत सुरू व्हायचे, चुरस वाढली की हिंदीत घसरायचे. मंगळवारी सकाळी आळीतल्या काकू नळावर म्हणायच्या, "काय बोलतेस गं! अंगावर काटा आला." कारखान्यातले लोक हात उंचावून दाद द्यायचे. मी हवेत होते.

दोन मोसम झाल्यावर मुंबईच्या एका नव्या सॅटेलाइट चॅनलकडून निरोप आला. कोणीतरी आमच्याबद्दल सांगितलं होतं, कॅसेट घेऊन या. आई, इक्बालभाई आणि मी, त्याच्या व्हॅनमधून गेलो. ऑफिस इतकं गार की आईने पदर लपेटून घेतला. केस मागे बांधलेले एक साहेब होते, मराठीच, पण मराठी बोलताना चिमटीत धरून बोलायचे. त्यांनी कॅसेट लावली. बाळाराम आणि भिवंडीतल्या शांतीनगरचा सलीम यांची लढत. लाथा, घाम, नाचणारी माणसं. आणि आवाज? काही नाही. साहेबांनी बटण पिळलं. इक्बालभाईने उठून दुसरं पिळलं. दुसरी कॅसेट लावली, तिसरी लावली. पडद्यावर पेंढा करकरत होता, माणसं ओरडत होती, आणि खोलीत फक्त एसीची घरघर.

माइक जिथे खुपसायचा त्या कॅमेऱ्याच्या खाचेत कधीकाळी लग्नातल्या तांदळाचा दाणा अडकला होता. पिन आत पूर्ण गेलीच नव्हती, आणि अर्धवट पिनेने कॅमेऱ्याचा स्वतःचा माइकही बंद पाडला होता. एकदाही नाही. दोन वर्षांत एकाही माणसाने तक्रार केली नव्हती, कारण सोमवारी संध्याकाळी भिवंडीत कोणाच्या घरी टीव्हीचा आवाज ऐकू येतो? भिंतीपलीकडे लूम असतात. आम्ही सगळे टीव्ही बघायचो, तो ऐकायचा असतो हे आमच्या ध्यानीमनीही नसायचं. कारखान्यात माणसं एकमेकांच्या ओठांवरून आणि हातांवरून बोलणं ओळखतात; तसंच लढतीतल्या माणसांचं ओळखून घ्यायची. इक्बालभाई साहेबांना अगदी निरागसपणे म्हणाला, "पिक्चर साफ है ना, साब? आवाज का क्या करना है? हमारे यहाँ सुनता कौन है?"

साहेब खुर्चीतून पडायचे बाकी राहिले, इतके हसले. आई हसली नाही. मी तर रडायच्याच बेतात होते. माझी दोन वर्षं! नळावरच्या त्या काकू! परतताना व्हॅनमध्ये मी विचारलं, मग त्यांच्या अंगावर काटा कशाचा आला? आई म्हणाली, "तुझ्या तोंडाकडे बघून. तू बोलतेस तेव्हा भांडायला उठल्यासारखी दिसतेस." आणि खरं सांगते, त्या दिवसापासून मी ते कौतुकच समजत आले आहे.

आजच्या मॅचेसमध्ये आवाजाला काही तोटा नाही. भाचीने मोबाइल माझ्या कानाशी धरला तेव्हा मला लाथेचा असा आवाज ऐकू आला की जणू कोणी दार तोडतंय. खरी लाथ अशी वाजत नाही. ती ओल्या कपड्यासारखी वाजते, आणि त्यानंतर माणूस श्वास आत घेतो तो आवाज तिच्याहून मोठा असतो. ज्याने पेंढ्यावरच्या रिंगशेजारी उभं राहून ऐकलं आहे त्याला फसवता येत नाही.

चॅनलचे साहेब हसले, पण विसरले नाहीत. दिवाळीनंतर, नेमक्या भातकापणीच्या दिवसांत, ते स्वतः शेलारला आले. सोबत गॉगल लावलेला एक पिळदार तरुण, आणि मारामाऱ्या बसवणारे एक मास्टर. वाट दाखवायला इक्बालभाई होताच. बाळारामच्या खळ्यावर झोडणी चालली होती. भाताचा भारा फळीवर आपटला की दाणे उडायचे आणि कुसळं उन्हात तरंगायची. साहेब रुमाल नाकाला लावून बोलत होते. दर आठवड्याला अर्धा तास, देशभर. संस्थेचं नाव बदलायचं; आई म्हणाली, बदला. लढती मुंबईच्या स्टुडिओत. आई म्हणाली, बघू. दोऱ्या बांधण्यात वेळ जातो, तो भाग गाळायचा. आई खळ्यावरच्या झोडणीकडे बघायला लागली. मला राग येत होता. पण आईला ते हवं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. का नसावं? इतकी वर्षं कापडाच्या ताक्यांवर चालवलेला संसार होता तो.

मग साहेबांनी शेवटची गोष्ट सांगितली. पहिल्या भागात बाळारामची लढत या गॉगलवाल्याशी. तो चॅनलचा चेहरा असणार, पोस्टर छापून झालेत. तेव्हा बाळारामने तिसऱ्या फेरीत पडायचं. "तसं त्याला मानधन वेगळं देऊ, मॅडम. बघणाऱ्याला काय कळतंय?"

आई म्हणाली, "बघणाऱ्याला कळत नाही असं मी मानलं असतं, तर दोऱ्या बांधायला लावल्या नसत्या." पण लगेच नाही म्हणाली नाही. लढायचं बाळारामला होतं. तिने त्याला बोलावलं, सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. पैसे किती तेही सांगितलं. बाळाराम कुसळं झटकत ऐकत होता.

"मनाबी टीवीत दिसायचा हाय, बाई," तो म्हणाला. "आंबाडीच्या माज्या मामाला अजून वाटतं, मी हितं लाथाबुक्क्या करतो. तुमची केबल तिथवर जात न्हाय."

"मग?"

"पडायचा कसा तो तरी बगू."

मास्टरांनी तिथेच पेंढ्यावर धडा सुरू केला. गॉगलवाल्याने हळूच पाय फिरवायचा, बाळारामने मान झटकायची, गुडघे सोडायचे, आडवं व्हायचं. सोपं काम. पहिल्यांदा गॉगलवाल्याचा पाय आला आणि बाळारामचा हात आपसूक वर गेला, पाय अडला. "नाही नाही, हात खाली." दुसऱ्यांदा हात खाली राहिला, पण कंबर मागे सरकली, पाय हवेतून गेला आणि गॉगलवालाच गिरकी घेऊन बसला. झोडणी थांबवून बायका बघायला लागल्या. तिसऱ्यांदा बाळाराम पडला एकदाचा. पण पाठ टेकते न टेकते तोच उठून उभा. मास्टर म्हणाले, "अरे, पडून राहायचं!" बाळाराम घामाघूम झाला होता. खऱ्या लढतीत इतका घाम मी त्याला आलेला पाहिला नव्हता.

"न्हाय जमत," तो शेवटी म्हणाला. "डोका मानतो, पन अंग मानत न्हाय. आनि बाई, समदा गाव बघेल. सलीम बघेल. त्याच्या म्होरं मी त्या चेष्म्याच्या लाथेनं पडू? त्यानं मना दोन साल हानला, तरी पडलो न्हाय."

आई साहेबांकडे वळली. तिचा आवाज शाळेत प्रार्थनेनंतर सूचना देताना असायचा तसा होता. "ऐकलंत? नाव घ्या, जागा घ्या, सगळं घ्या म्हणाले असते. हे नाही देता येत. चहा घेऊन जा."

साहेबांनी चहा घेतला नाही. गाडीत बसताना म्हणाले, "मॅडम, आठ दिवसांत तुम्हाला कोणी ओळखणार नाही. आमचा शो येतोच आहे. शुक्रवारीच टाकतो, संध्याकाळी." धमकीच होती ती, गोड शब्दांत. गाडी गेली, धूळ खाली बसली. मग इक्बालभाई म्हणाला, "शुक्रवारी तर लूम बंद. लोग घर पे. आवाज भी सुनाई देगा." आणि आईकडे बघत राहिला. आई म्हणाली, "शेलारपासून तुझ्या कंट्रोल रूमपर्यंत वायर पोचेल?"

आपला दावा आहे की महाराष्ट्रात किकबॉक्सिंगचं पहिलं थेट प्रक्षेपण आम्ही केलं. खोटं असेल तर कोणी सिद्ध करून दाखवावं. तो सगळा आठवडा वायर ओढण्यात गेला. ताडांवरून, बांधांवरून, सायझिंगच्या चिमणीला विळखा घालून, एका कारखान्याच्या पत्र्यावरून, मध्ये मध्ये बूस्टर लावत. एके ठिकाणी वायर म्हशीच्या गोठ्यातून गेली होती आणि म्हशीची समजूत घालायला एक माणूस ठेवावा लागला. कॅमेऱ्याच्या खाचेतला दाणा आईने केसातल्या आकड्याने काढला आणि तो फेकायच्या आधी मला दाखवला. शाळेत मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून सांगितलं की शिक्षिकेला हे शोभत नाही, एक काय ते ठरवा. आई म्हणाली, "सोमवारी ठरवते. शुक्रवारी मला काम आहे."

लढत होती बाळाराम आणि सलीमची. सलीम लूमवरचा कारागीर. बुटका, रुंद, डोळ्यांनी सतत हसणारा. दोन वर्षांत त्याने बाळारामला कधी हरवलं नव्हतं, आणि दर वेळी अर्धा ताका खांद्यावर टाकून हसतच गेला होता. त्या शुक्रवारी शेलारात पाय ठेवायला जागा नव्हती. बांधांवर माणसं, भाताच्या भाऱ्यांच्या उडव्यांवर माणसं, पहिल्या रांगेत पोलीस साहेब. तिकडे भिवंडीत लूम बंद, घरं भरलेली. तिकडच्या चॅनलवर गॉगलवाल्याचा शो आणि इकडे केबलवर आम्ही. काय बघायचं ते आता लोकांनी ठरवायचं.

दोघं स्टुलांवर समोरासमोर बसले. सलीमने बाळारामचे हात मांडीवर घेतले आणि दोऱ्या आवळल्या. बाळारामने त्याच्या आवळल्या. मी माइकवर हळू आवाजात एवढंच सांगितलं की हे दोघं काय करत आहेत आणि का. आमच्या काकू नंतर म्हणाल्या की अख्खी आळी तेव्हा चिडीचूप होती. त्या असंही म्हणाल्या की तुझा आवाज इतका चिरका असेल असं वाटलं नव्हतं. असो.

पहिल्या फेरीत बाळाराम भारी. दुसरीत बरोबरी. तिसऱ्या फेरीत सलीमने असं काही केलं जे त्याने आधी कधी केलं नव्हतं: तो हसायचा थांबला. खाली वाकून आत शिरला, बाळारामच्या लांब पायांना जागाच ठेवली नाही, बरगडीवर दोन ठोसे आणि मग डाव्या पायाची लाथ, मानेच्या थोडी खाली. मी खाली पेंढा करकरलेला ऐकला. बाळाराम उठायला लागला. गुडघ्यावर आला. पुन्हा बसला. पंच मोजत होते. त्याच्या त्याच शेतात, त्याच्या गावासमोर, नेमक्या तिसऱ्या फेरीत.

मोजणं संपलं आणि एक क्षण कोणीच आवाज केला नाही. शेलारचे लोक एका बाजूला, शांतीनगरचे दुसऱ्या, आणि मध्ये आमचं ते कोरं कापड. पोलीस साहेब खुर्चीवरून अर्धे उठले. इक्बालभाईने कॅमेऱ्यावरून डोकं वर काढून आईकडे पाहिलं. बंद करू का, असं तो हाताने विचारत होता. आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने डोकं परत कॅमेऱ्यात घातलं. ती चपला काढून रिंगवर चढली, सलीमचा हात धरला आणि उंच केला. तसाच धरून ठेवला, चारी दिशांना फिरवून, खांदा भरून येईपर्यंत. पहिली टाळी कोणी वाजवली ते मला माहीत नाही, पण ती शेलारच्या बाजूने आली. मग काही ऐकू येईना. मी माइकमध्ये काय बोलले ते मलाही आठवत नाही.

चॅनलचा तो शो त्या मोसमात चालला आणि उन्हाळ्यात बंद पडला. मी दोनचार भाग पाहिले. टाळ्या कॅसेटमधल्या होत्या, हे भिवंडीत लूमशेजारी वाढलेल्या माणसालाही कळलं. बाईंचा शुक्रवार पुढे काही वर्षं चालला. मग इक्बालभाईच्या वायरी एका मोठ्या कंपनीने घेतल्या, शेतं गोदामांनी घेतली, आणि पोरांना नोकऱ्यांनी. बंद पडलं ते पडलं. आम्ही पाडलं नाही, आणि त्यात काही ठरवलेलं नव्हतं. आईने शाळाही सोडली नाही आणि शुक्रवारही. तो सोमवार मुख्याध्यापिकांनी बहुतेक विसरून टाकला.

त्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर बाळाराम बांधावर एकटाच बसला होता. मान धड वळत नव्हती. वाट्याला आलेला अर्धा ताका शेजारी पडला होता. आई त्याच्याजवळ जाऊन बसली, मी मागे उभी राहिले. सलीम जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारून गेला होता आणि त्या थापेनेही तो कळवळला होता.

"फार दुखतंय का रे?" आईने विचारलं.

"दुखायचा काय न्हाय, बाई. पन वाईट वाटतं. लय वाईट वाटतं." तो समोरच्या रिकाम्या रिंगकडे बघत राहिला. "पैसं घेऊन पडलो असतो, तं येवढा वाईट न्हाय वाटला असता."

आईने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत होतं, दुखऱ्या मानेमुळे वाकडं.

"म्हंजे बरा झाला," तो म्हणाला.